भामाबाईचं खरं वय

भामाबाई माझी थोरली जाऊ. थोरली म्हणजे नात्यानं. वयाचं पुढं सांगते, कारण सगळी भानगड त्या वयाचीच आहे.

आमची दोघींची लग्नं एकाच मांडवात लागली. बहात्तरचा दुष्काळ होता. गावजेवण दोनदा घालायला विहिरीत पाणी नव्हतं, म्हणून सासऱ्यांनी दोन्ही लेकांना एका दिवशी बोहल्यावर उभं केलं. मारुतराव थोरले, त्यांना भामाबाई. ईश्वर धाकटे, त्यांना मी. मी भांडगावची, चौथी शिकलेली, अठरा वर्षांची घोडी. ती भीमेच्या पलीकडची, शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याची. तिला नऊवारी पेलत नव्हती. अक्षता पडायच्या आधी तिनं मला हळूच विचारलं होतं, जेवायला कवा देतील. एवढीशी पोर. पण थोरल्याची बायको झाली आणि त्या घडीपासून मी तिला 'जाऊबाई, तुम्ही' म्हणायचं आणि तिनं मला 'अगं सिंधे'. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ते पक्कं केलं. पहिलं कुंकू तिला, पहिली ओटी तिची, न्हाणीघरात पहिलं गरम पाणी तिचं.

कामाला मात्र बाई वाघीण. आमच्या खुटबाव गावात शेवंती तोडण्यात तिचा हात कुणी धरला नाही. दोन्ही हातांनी तोडायची, आणि फुलाला देठ किती ठेवायचा ते न बघता कळायचं. तोंडही तसंच दोन्ही बाजूंनी चालायचं. माझ्या भाकरीला पापुद्रा येत नाही, माझं पोर उशिरा चाललं, माझ्या माहेरची माणसं जेवायच्या वेळेलाच कशी येतात, असलं सगळं ती बाईमाणसांत बसून सांगायची आणि मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात सांगायची.

पुढं वाटण्या झाल्या. घर एकच, मधे भिंत आली. विहीर एकच, पाण्याचे वार वाटून घेतले. आणि सत्त्याऐंशी सालापासून आमचं बोलणंच बंद झालं. बंद म्हणजे तोंडावर बंद. तिची म्हैस होती चंद्री. पहाटे धार काढताना ती चंद्रीला म्हणायची, "चंद्रे, काही लोकांना सात वाजेस्तोवर अंथरूण सुटत न्हाई. तू तशी होऊ नको." मी माझ्या शेळीला सांगायची की बाई गं, सकाळच्या पारी दुसऱ्याच्या घराकडं कान लावून बसणाऱ्यांचं दूध नासतं. अशा चार म्हशी झाल्या, चौघींचं नाव चंद्रीच, आणि किती शेळ्या झाल्या त्याचा हिशेब नाही. दोघींचे नवरे गेले, सुना आल्या, नातवंडं कॉलेजात गेली. आमचं आपलं जनावरांमार्फत चालूच.

आता वयाचं. दोन हजार बारा साली शाळेत आधारकार्डाचा कॅम्प आला. ज्याच्याकडं दाखला त्याची तारीख दाखल्यावरची. ज्याच्याकडं काहीच नाही त्यानं तोंडानं सांगायचं, मशीनवरचा पोरगा एक जानेवारी घालून वर्ष टाकायचा. मी दाखला नेला होता. माझ्यापुढं रांगेत भामाबाई. पोरानं विचारलं, आजी, वय? ही म्हणाली, पासष्ट. पासष्ट झाली की एसटीत अर्धं तिकीट, हे तिला ठाऊक होतं. पण नुसतं तिकिटासाठी नव्हतं ते. तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि मग बोलली. मी तेव्हा अठ्ठावन्नची. तिला माझ्याहून मोठं व्हायचं होतं, कागदावर, सरकारी शिक्क्यानं. शाळंत गेलात का, तर नाही म्हणाली आणि अंगठा लावला.

त्या दिवसापासून ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी झाली. लग्नाला, बारशाला, कुठंही गेलं की 'माझ्या वयाचा तरी मान ठेवा' चालू. कागदावर पंच्याहत्तर भरली तेव्हा एसटीचं तिकीट माफच झालं, मग तर ती कारण नसताना दौंडला जाऊन यायची. मी सगळं बघत होते. सांगणार कुणाला?

गेल्या साली शेवंतीच्या हंगामात ती वाफ्यातच खाली बसली. दम लागला होता. अंग पांढरंफटक, दंडावर निळे डाग, न मारता उठलेले. तिच्या लेकानं, मच्छिंद्रनं, दौंडला नेली, तिथनं पुण्याला. रक्त सहावर आलं होतं. दोन बाटल्या चढवल्या, चार दिवस बरं, पुन्हा तेच. दर तीन आठवड्यांनी पुणं. मग कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला आणि सांगितलं की रक्त तयार करणारा कारखानाच बिघडलाय.

हे मला समजलं ते माझ्या नातीकडनं. समृद्धी, माझ्या लेकाची पोर, पुण्यात एका संशोधन केंद्रात काम करते. तिचं काम नेमकं हेच, रक्ताच्या मूळ पेशी बघण्याचं. एका रविवारी खुटबाव स्टेशनला उतरून घरी आली. आम्ही पुढच्या लागणीसाठी शेवंतीचे फुटवे काढत बसलो होतो, तीही बसली. मी म्हटलं, तुझ्या थोरल्या आजीला झालंय तरी काय, नीट सांग. तोंडानं विचारपूस, मनात दुसरंच, पण विचारलं.

ती म्हणाली, "आजी, आपण हा एक वाफा राखतो, ह्याची फुलं विकत न्हाई, नुसते फुटवे घेतो. हाडाच्या आत तसाच वाफा असतो. थोड्याच मूळ पेशी, बहुतेक निजलेल्या. गरज पडली की एखादी जागी होते, तिला फुटवे येतात. त्यातले काही तांबडं रक्त होतात, काही पांढरं."

"मग तिच्या वाफ्याला काय रोग पडला?"

"फुटवे येतायत, पण तांबडं व्हायच्या वाटेवर मधेच मरतायत."

हे तिला हाडाच्या आतलं दिसतं कसं, ते मी विचारलं. तिनं सांगितलं ते असं. प्रत्येक पेशीत हजारो जीन असतात आणि सगळ्या पेशींत तेच असतात. पण कुठले चालू, कुठले बंद, ह्याची प्रत्येकीची नक्षी वेगळी. त्या नक्षीवरून ही पेशी कोण, काय करणार, कुठं अडकली ते कळतं. मी म्हटलं, म्हंजी आपलं घरच की. बोर्ड तोच, बटणं तीच. न्हाणीत दिवा दिसला की कळतं कोणतरी आंघोळीला गेलंय, आणि तासभर तसाच दिसला की कळतं बाई आत घसरून पडली. पोरगी हसली. म्हणाली, केंद्रातल्या आमच्या मॅडमना सांगते.

मग तिनं मुद्द्याचं काढलं. वय झालं की धडधाकट माणसाच्या मूळ पेशींचीही नक्षी बदलते. काही दिवे विझता विझत नाहीत, काही लागत नाहीत. आजारानं काय बदललं आणि वयानं काय, हे वेगळं काढायचं तर निरोगी म्हाताऱ्या माणसांचा मगज लागतो, आणि तो द्यायला कुणी येत नाही. कमरेचं हाड टोचून घ्यायला कोण येईल? तू येशील का, म्हणाली.

मी लगेच हो म्हटलं. नातीसाठी म्हटलं हे खरं. आणि दुसरं कारणही लपवत नाही. एका यंत्रात आम्हा दोघींचा मगज जाणार, त्यात ती आजारी म्हणून आणि मी चांगली म्हणून. असा मान मला ह्या घरात पहिल्यांदाच मिळत होता.

दुखलं. भूल देतात, पण ओढताना हाडातनं कळ येते, पाय झटकला जातो. दोन दिवस कुशीवर झोपले. तेवढ्यात मच्छिंद्रनं घरी जाऊन सांगितलं असावं, कारण तिसऱ्या दिवशी पहाटे भिंतीपलीकडनं ऐकू आलं, "चंद्रे, त्या दवाखान्यात म्हणावं, माझा मगज चोराच्या शेजारी ठेवा, दरोडेखोराच्या शेजारी ठेवा. त्या एका बाईच्या शेजारी ठेवू नका."

मी शेळीला म्हटलं, काळजी करू नगं गं, चांगल्याच्या शेजारी ठेवल्यावरच वाईट दिसून येतं.

दीड महिन्यानं नक्षी हातात आली. भामाबाईच्या पेशी ज्या वळणावर अडकत होत्या, नेमकं तिथंच कामाला येईल असं एक नवं इंजेक्शन पुण्याच्या त्या दवाखान्यात अभ्यासासाठी देत होते. डॉक्टरांना आशा वाटली. मच्छिंद्रला बोलावलं, कागद भरायला घेतले. आणि वयाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. अभ्यासात सत्तरीच्या आतलेच घेणार होते. आधारकार्ड सांगत होतं अठ्ठ्याहत्तर. फाईल बंद झाली.

त्याच आठवड्यात समृद्धी आली. चहा पण घेतला नाही. म्हणाली, "आजी, थोरल्या आजीचं वय खरंच अठ्ठ्याहत्तर हाय का गं?"

"का?"

"आमच्याकडं डबीवर नाव नसतं, नंबर असतो. पण दौंड तालुका, बाई, अठ्ठ्याहत्तर, दुसरी कोण असणार? तिच्या आजारी पेशी बाजूला काढून उरलेल्यांची नक्षी बघितली, तर ती तुझ्यापेक्षा तरणी दिसते. एका नमुन्यावरून वय सांगता येत न्हाई, मॅडमनी मला झापलं त्यावरून. पण मला राहवंना."

मी म्हटलं, कार्डावर असेल ते खरं. आणि भाजी निवडायला घेतली.

मला माहीत होतं, आणि मी बोलले नाही. आठ दिवस बोलले नाही. बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. वयाचा मान पाहिजे होता ना? घ्या मान. त्या आठ दिवसांत मच्छिंद्र तिला दोनदा उचलून गाडीत घालताना मी भिंतीवरनं पाहिलं. पूर्वी दोन पाट्या डोक्यावर घेऊन बांध ओलांडणारी बाई, आणि तिचे पाय पोराच्या पायासारखे लोंबत होते. वाईट वाटायचं. पण राग जुना होता, तो आधी उठून बसायचा.

नवव्या दिवशी डेअरीवर दूध घालायला गेले तर बाया बोलायच्या थांबल्या. सवितानं, शेजारच्या गल्लीतल्या, शेवटी सांगितलं. भामाबाईनं पडल्या पडल्या सगळ्या गावाला कळवलं होतं की सिंधीच्या नातीनं नमुन्यात खोट घातली. आजीचं चांगलं रक्त माझ्या नावावर आणि माझं तिच्या नावावर केलं, म्हणून डॉक्टरनं औषध नाकारलं. पोरीला आजीनंच शिकवून पाठवली होती.

मला काय बोलायची ती बोलली असती तर मी शेळीला सांगून मोकळी झाले असते. पण पोरगी सहा वर्षं राबून तिथवर गेली होती. नमुना बदलला असं कुणी तिकडं कळवलं तर तिची नोकरी राहील का? मी दुधाची किटली तिथंच ठेवली आणि तरातरा जाऊन मच्छिंद्रला गाठलं. तो पिकअपमध्ये फुलं भरत होता.

"फुलं उतरव. न्हावऱ्याला जायचंय."

"काकी, कशाला?"

"तुझ्या आईचा शाळंचा दाखला काढायला. अठ्ठ्याहत्तर न्हाई तिचं वय."

तो बिचारा म्हणाला, आई तर शाळेत गेलीच नाही, तिला वाचता येत नाही. मी म्हटलं, बस गाडीत, वाटेत सांगते. वाटेत सांगितलं. एकोणऐंशी साली भांडगावहून माझ्या आईचं पोस्टकार्ड आलं होतं. मी शेतातनं येईस्तोवर त्यातला मजकूर गल्लीभर झाला होता, आणि घरात त्या दुपारी एकच माणूस होतं. वाचता आल्याशिवाय मजकूर कसा होईल? आणि न शिकता वाचता कसं येईल? मी सेहेचाळीस वर्षं ते मनात ठेवलं होतं, कधीतरी तोंडावर मारायला.

चौफुला, पारगाव, भीमेचा पूल, मग न्हावरा. शाळेच्या मुख्याध्यापिका बाई चांगल्या होत्या. मुलगा आलाय, आई आजारी आहे म्हटल्यावर लोखंडी कपाटातनं जुनं रजिस्टर काढलं. साठ सालापासून पानं उलटली. भामा नाही. सत्यभामा नाही. पुन्हा बघितलं. बाई म्हणाल्या, ह्या नावाची मुलगी आमच्याकडं शिकलेली नाही, आणि रजिस्टर मिटायला लागल्या. मच्छिंद्र उठून उभाही राहिला.

इतका वेळ ते नाव गिळून बसले होते, आता काढावंच लागलं. मी म्हटलं, "दगडाबाई बघा."

मच्छिंद्र माझ्याकडं बघत राहिला. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि आईचं माहेरचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. त्याचा काय दोष? लग्नात नाव बदलायची आमच्यात रीतच होती. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहायचं, आणि जुनं नाव तिथंच संपायचं. एकाच मांडवात असल्यामुळं आमची ताटं शेजारीशेजारी होती. माझं नाव ठेवलं सिंधू, तिचं भामा. तिच्या आधीची दोन लेकरं दगावली होती. ही तरी दगडासारखी टिकावी, कुणाची नजर लागू नये, म्हणून आईबापानं दगडा ठेवलं होतं. तिला ते नाव अजिबात आवडायचं नाही. ताटातलं नवं नाव ऐकून तिनं सुटल्यासारखा श्वास सोडलेला मी ऐकला होता.

आणि सत्त्याऐंशी साली नणंदेच्या हळदीला, भरल्या मांडवात, ती म्हणाली की हिच्या हाताला चव नाही म्हणून ईश्वरभाऊंना बाहेर जेवायची सवय लागली. मी म्हणाले, "बस गं दगडे." सगळ्या बाया हसल्या. पोरी तर आठ दिवस तेच म्हणत होत्या. बोलणं बंद झालं ते तिथं. चूक आधी कुणाची, ते अजून ठरलेलं नाही.

रजिस्टरात ती होती. दगडाबाई बाबूराव. जन्म एक जून एकोणीसशे सत्तावन्न. शाळेत घातली त्रेसष्टला, तिसरीतनं काढली सहासष्टला, कारण घरकाम. वर्तणुकीच्या रकान्यात 'चांगली'. ते वाचून मी बाईंना विचारलं, त्या साली मास्तरांना डोळ्यांचा काही त्रास होता का.

अडुसष्ट. कार्डापेक्षा दहानं कमी, माझ्यापेक्षा तीननं. दाखला मिळाला. पण दगडाबाई म्हणजेच भामाबाई, हे कोण सांगणार? डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, दाखला आणा, नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र करा, लग्नाला हजर असलेल्या माणसाची साक्ष घाला आणि आधारची दुरुस्ती टाका. महिनाअखेरीला नावं घेणं बंद होणार, त्याच्या आत. लग्नाला हजर असलेलं आता जिवंत कोण? मीच. साक्ष मी देणार होते. पण पहिली सही तिची लागत होती.

मच्छिंद्रनं कागद पुढं धरला तर ती म्हणाली, ही कोण दगडाबाई, मी वळखत न्हाई. मी भामाबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मरायचं तर तशीच मरेन. लेक रडकुंडीला आला, सून पाया पडली. बाई भिंतीकडं तोंड करून पडली. दोन दिवस असे गेले. महिना संपायला नऊ दिवस उरले होते.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या उंबऱ्याच्या आत गेले. अडतीस वर्षांनी. मच्छिंद्र आणि सून बाजूला झाले. ती पलंगावर होती, डोक्याखाली दोन उशा. मला बघून तिनं पदर सारखा केला, आजारी माणूस शत्रूसमोर करतं तसा.

"जाऊबाई, सही करा."

"मला सही येत न्हाई."

"माझ्या आईचं कारड वाचता आलं. सही येत न्हाई व्हय?"

ती मग म्हणाली, "तूच न्हावऱ्याला गेलीस. तू माझं नाव उकरून काढलंस."

"मीच."

"माझ्यावर उपकार करायला आलीस?"

"न्हाई. मला तुम्ही खोट्या ठरायला पायजेत. माझ्या नातीच्या नावावर तुम्ही चिखल टाकलाय. तुम्ही अशाच मेलात तर तो चिखल पक्का होईल. गाव म्हणंल, बिचारी म्हातारी पोरीच्या घोटाळ्यानं गेली. ते मी होऊ देणार न्हाई. औषध घ्या, जगा, आन् मग बोला खोट व्हती का न्हाई ते."

तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे तेवढे पहिल्यासारखे होते, बाकी बाई निम्मी झाली होती.

"म्हंजी तू मोठी ठरणार," ती म्हणाली.

"वयानं मी मोठीच हाय. बहात्तर सालापासनं."

"मानानं मी थोरली."

"नात्यानं थोरल्या. ते कुणी काढून घेतलंय?"

"कुकवाला पहिलं नाव माझं."

"तुमचंच. मला काय करायचंय पहिल्या कुकवाचं, आता दोघीबी कुठं लावतो?"

मग तिनं हात पुढं केला. मच्छिंद्रनं पेन दिलं. तिनं सावकाश, तिसरीतल्या गोल अक्षरात, दगडाबाई बाबूराव असं लिहिलं, आणि त्याच्या खाली भामाबाई मारुतराव. दोन्ही नावांच्या मात्रा जागच्या जागी. लेक बघतच राहिला. मी खाली माझी सही केली. माझं अक्षर तिच्याहून वाईट आहे, ते तिनं बघितलं आणि तेवढ्यातही तोंड वाकडं केलं.

महिना संपायला दोन दिवस असताना अभ्यासात तिचं नाव घेतलं. दर तीन आठवड्यांनी पोटाच्या कातडीत एक इंजेक्शन. पहिल्या दोनदा काहीच फरक नाही. तेव्हा तिनं सुनेला सांगितलं की बघ, सिंधीनं मला उगाच लहान केलं. तिसऱ्या इंजेक्शनानंतर रक्त सातवर टिकलं. पाचव्यानंतर साडेनऊ. दोन महिने बाटली चढवावी लागली नाही. पुन्हा हाड टोचलं. समृद्धीनं नक्षी बघून सांगितलं की अडकलेले फुटवे पुढं सरकायला लागलेत, तांबड्या वाटेवरचे दिवे लागतायत. सगळे नाही, पण लागतायत.

गावात भामाबाईनं सांगितलं ते एवढंच की कार्डाच्या पोरानं तेव्हा वर्ष चुकीचं टाकलं होतं. नमुन्यात खोट होती का नव्हती, त्यावर अवाक्षर नाही. सवितानं मुद्दाम विचारलं, तर म्हणाली, मला दम लागतो, जास्त बोलू नका म्हणालेत.

पण डॉक्टरांनी मच्छिंद्रला आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि त्यानं ती आईला सांगितली नव्हती. मूळ पेशींतला रोग तसाच आहे. हे औषध वाट मोकळी करतं, वाफा बरा करत नाही. कुणाला दोन वर्षं लागू पडतं, कुणाला तीन, पुढं सांगता येत नाही. मला हे समृद्धीकडून कळलं होतं.

परवा सकाळी मी अंगणात शेवंतीच्या पाट्या धूत होते. काठी टेकत कोणीतरी आलं. वर बघितलं तर ती. तिच्या दारातनं माझ्या दारापर्यंत, कुणाचा हात न धरता. म्हैस नव्हती, शेळी नव्हती, मधे कुणीच नव्हतं.

"मच्छ्या खोटं बोलतोय," ती म्हणाली. "किती दिवस सांगितलेत?"

मी पाटी खाली ठेवली. तिला खोटं सांगायचं माझ्या मनात आलं होतं. पण हिनं उभा जन्म माझं एक खोटं धरून ठेवलं असतं.

"दोन वर्सं. लई तर तीन."

ती उभ्या उभ्या बोटांवर मोजायला लागली. ओठ हलत होते. मोजून झालं तसं तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला हळदीचा तो मांडवच आठवला.

"म्हंजी मी सत्तरीत मरणार," ती म्हणाली. "तू गप बसली असतीस तर ऐंशीची होऊन मेले असते."

आणि काठी आपटत परत गेली, वाटेत एकदाही न थांबता.